दार बसत नव्हतं : चौलजवळच्या एका लाकडी क्रायस्लरचं प्रकरण

२०२१ च्या श्रावणात वाडीवरच्या राखणदाराचा फोन आला, की लाकडी गाडीचं ड्रायव्हरकडचं दार बसत नाही. मी त्याला म्हटलं, पावसात लाकूड फुगतं, जोर लावू नकोस, दिवाळीला आपोआप बसेल. कोकणात वाढलेल्या कुणीही हेच सांगितलं असतं. आमच्या घरी माजघराचं दार आषाढात अडतं आणि कार्तिकात सुटतं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, हवा कोरडी झाली आणि दार बसायचं सोडून पाऊण इंच खाली उतरलं. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. फुगलेलं लाकूड सुकलं की सैल होतं, लोंबत नाही. लोंबतं याचा अर्थ आतला सांधा गेला.

मी जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करतो. देव्हारे, झोपाळे, वाड्यांचे खांब, तुळया, क्वचित एखादी होडी. चौलजवळच्या नारळ-सुपारीच्या या वाडीत मालकांचा नऊ जुन्या गाड्यांचा संग्रह आहे. आठ गाड्या पत्र्याच्या, त्यांना त्यांचा मेकॅनिक आहे. नववीसाठी मला बोलावतात.

ही नववी म्हणजे १९४७ ची क्रायस्लर टाउन अँड कंट्री, उघड्या टपाची. नाव १९४१ चं, तेव्हा ते एका लाकडी स्टेशन वॅगन गाडीला दिलेलं होतं. युद्ध संपल्यावर जवळजवळ सगळ्याच अमेरिकन कंपन्यांकडे विकायला युद्धाआधीचेच साचे होते, आणि त्याच साच्याला वेगळं रूप द्यायचा एक मार्ग म्हणजे लाकूड. १९४६ ते १९४८ या तीन वर्षांत अशा उघड्या टपाच्या साडेआठ हजारांच्या आतच गाड्या निघाल्या. लाकडी भाग अर्कान्सा राज्यातल्या हेलेना गावी, क्रायस्लरच्याच एका लाकूड कारखान्यात तयार होत आणि डेट्रॉइटला जोडले जात. बॉनेटखाली एका रांगेत आठ सिलिंडर, ५.३ लिटर, १३५ अश्वशक्ती. वजन दोन टनांच्या आसपास. सहा व्होल्टची वायरिंग आणि अर्थिंग धन टोकाला, एवढं लक्षात ठेवलं की विजेच्या बाजूने फारसा त्रास नाही. इंजिनाबद्दल इथे जास्त लिहीत नाही, ते ठणठणीत आहे.

लाकडाबद्दल मात्र लिहायला हवं. पुढचा भाग, मडगार्ड, तळ सगळं पोलादी. पण दारं, मागची बाजू आणि डिकीचं झाकण यांचा सांगाडा पांढरं अ‍ॅश नावाच्या लाकडाचा आहे, आणि तो शोभेचा नाही, भार वाहतो. क्रिकेटचे चांगले स्टंपही अ‍ॅशचेच असतात. धक्का सोसायची, किंचित वाकून परत सरळ व्हायची ताकद त्यात आहे. फिकट, सायीच्या रंगाच्या अ‍ॅशच्या जाड पट्ट्या आणि त्यांच्या चौकटीत महोगनीचे गडद तक्ते. पट्ट्या जिथे मिळतात तिथे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे सांधे. हे सांधे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बराच वेळ नुसता हात फिरवत बसलो होतो. कारखान्यात हजारोंनी बनलेली वस्तू असूनही प्रत्येक सांध्यावर कुणाच्या तरी डोळ्याचा पहारा होता हे कळतं.

अ‍ॅशचा एक मोठा दोष म्हणजे कुजण्याला आणि किडीला ते पटकन बळी पडतं. अमेरिकेच्या थंड, कोरड्या हवेतसुद्धा या गाड्यांना वेळोवेळी वार्निश द्यावं लागायचं. पुष्कळांनी दिलं नाही, म्हणून आज फार थोड्या उरल्या आहेत. इकडे तर चार महिने हवेतला ओलावा ८५-९० टक्के. अशा हवेत लाकूड स्वतःच्या वजनाच्या १८ ते २० टक्के पाणी धरून बसतं, आणि २० च्या वर गेलं की बुरशीला रान मोकळं.

दार काढलं ते डिसेंबरात. गाडी संग्रहात यायच्या आधी, साधारण दहा वर्षांपूर्वी, दूरच्या एका शहरात तिचं रिस्टोरेशन झालेलं होतं. दिसायला काम अप्रतिम, आरशात बघावं असं. वर पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या वार्निशचा, जाड थर, काचेसारखा. त्या काचेखाली खालच्या आडव्या पट्टीत बोटभर लांब काळे ढग दिसत होते. ओलावा मोजायच्या मीटरची दोन टोकं वरच्या पट्टीत टोचली, १२ टक्के. खालच्या पट्टीत टोचली, २६. डिसेंबरात, महिनाभर कोरडी हवा असताना. मग मी टोच्या घेतला आणि आतल्या बाजूने, जिथे थर नव्हता तिथे, हलकेच दाबला. चहात बुडवलेल्या बटरमध्ये जावा तसा तो पाऊण इंच आत गेला. वरची चमक जशीच्या तशी होती, आणि आत लाकूड नव्हतंच. मागच्या उभ्या खांबावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली तांदळाच्या पिठीसारखा बारीक भुसा. ही कीड अ‍ॅशवर फार प्रेम करते. त्याच्या मोठ्या छिद्रांत ती अंडी घालते आणि आतला स्टार्च खाते.

पाणी आलं कुठून, याचा माग काढायला आठवडा गेला. कुठल्याही गाडीच्या दारात काचेच्या फटीतून पाणी उतरतंच. ते तळाच्या भोकांतून निघून जावं अशी सोय असते. इथे ती भोकं पॉलियुरेथेनने बुजवली गेली होती. शिवाय हा थर ताठ. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, थर हलत नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर त्याला केसाएवढी चीर गेलेली. आत जायला पाण्याला तेवढी चीर पुरते, बाहेर पडायला पुरत नाही. जुने पोलादी स्क्रू खाऱ्या हवेने गंजून फुगलेले आणि त्यांच्याभोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालेलं.

पण ही कारणं दहा वर्षं तशीच होती. मग आत्ताच का? याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते लिहिताना आजही जड जातं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि गॅरेजचे पत्रे उडाले. तीन आठवडे वीज नव्हती, त्यामुळे ओलावा खेचायचं यंत्र बंद. टाळेबंदीमुळे मालक येऊ शकत नव्हते. राखणदाराने मला विचारलं, गाडीचं काय करू? मी म्हणालो, ताडपत्री घट्ट गुंडाळ, दोरीने आवळून बांध, थेंब आत जाता कामा नये. त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. ताडपत्री ऑक्टोबरात निघाली.

हे सगळं दार बाकावर ठेवून मी रेवदंड्याच्या खाडीकाठी होड्या बांधणाऱ्या एका वयस्क सुतारांना बोलावलं. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी दार उलटंपालटं केलं, भुसा बोटावर घेऊन वास घेतला आणि विचारलं, "पावसात झाकलेली कशाने?" मी सांगितलं. ते म्हणाले, "होडी शाकारतात ती कधी बघितली नाहीस का रे? पावसानं नाही मारली तिला, कोंडून मारलीत."

होडी शाकारणं मी लहानपणापासून बघत आलो आहे. १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढायच्या, खाली ओंडके सरकवायचे म्हणजे तळ जमिनीला टेकत नाही, आणि वर झावळ्यांचं छप्पर करायचं. झावळी पाऊस अडवते पण वारा अडवत नाही. दोन्ही टोकं उघडी. नारळी पौर्णिमेला होडी निघते तेव्हा आतून ती कोरडी असते, कारण दोन महिने तिच्यातून वारा खेळलेला असतो. अंगणासमोर दरवर्षी दिसणारी गोष्ट, आणि चारचौघांना नवल वाटावं अशी गाडी हातात आल्यावर ती मला आठवू नये! काकांचं ते वाक्य मी त्याच संध्याकाळी गाडीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं.

आता दुरुस्ती कशी करायची यावर मालकांशी पहिला आणि खरा मतभेद झाला. ते म्हणाले, "हे परदेशी लाकूड इथे टिकणारच नाही. सगळी चौकट सागवानाची करा. नातवंडांपर्यंत बघायला नको." त्यांची तळमळ मला कळत होती. त्यांनी ही गाडी दिखाव्यासाठी घेतलेली नाही, रविवारी सकाळी ते तिच्यात नुसते बसून पेपर वाचतात. आणि सागाबद्दल ते म्हणाले ते खरंच आहे. सागात स्वतःचं तेल असतं, बुरशी आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाहीत, वजनही अ‍ॅशच्या आसपासच.

तरी मी नाही म्हणालो. पहिलं कारण सुताराचं. पूर्ण ओलं लाकूड पूर्ण सुकवलं तर अ‍ॅश वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आकसतं, साग ५.८. वलयांना आडव्या दिशेने अ‍ॅश ४.९, साग २.५. म्हणजे एकाच सांध्यात अर्धी बोटं अ‍ॅशची आणि अर्धी सागाची असतील तर ती दर पावसाळ्यात आणि दर उन्हाळ्यात एकमेकांशी भांडणार. सगळीच चौकट बदलली तर हा प्रश्न नाही, पण मग चांगलं असलेलं सत्तर टक्के मूळ लाकूड काढून फेकायचं. शिवाय सागाच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, आणि सोनेरी-तपकिरी साग महोगनीशेजारी ठेवला की फिकट-गडद असा जो खेळ या गाडीचा जीव आहे तो संपतो. दुसरं कारण नियमाचं. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. कुजलेल्या पट्टीच्या जागी त्याच जातीची पट्टी ही दुरुस्ती झाली. बॉडीचं लाकूडच बदलणं याला दुरुस्ती म्हणवेना.

मालक दोन दिवस बोलले नाहीत. मग काकांनाच त्यांनी विचारलं. मला वाटलं होतं होडीवाला माणूस सागाच्या बाजूने कौल देईल. काका म्हणाले, "साहेब, सागाची गाडी पाहिजे तर सागाची नवी बांधू. ही ज्याची आहे त्याचीच राहू द्या." तो विषय तिथे मिटला.

अमेरिकन पांढरं अ‍ॅश मुंबईत मिळतं, फर्निचरवाले वापरतात. जानेवारी २०२२ मध्ये रे रोडच्या लाकूडबाजारातून तीन फळ्या निवडून आणल्या. डेट्रॉइटच्या परिसरातच २००२ मध्ये अ‍ॅश पोखरणारा एक हिरवा भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला आणि त्याने तिकडची कोट्यवधी अ‍ॅशची झाडं मारली. ज्या शहरात ही गाडी जन्मली, तिथल्या रानातच तिचं लाकूड मरतंय. फळ्या गाडीत चढवताना हे डोक्यातून जात नव्हतं, आणि मूळ लाकडाचा एक इंचही उगाच कापायचा नाही हे तेव्हाच पक्कं ठरलं.

फळ्या भट्टीत सुकवून आलेल्या, ९ टक्क्यांवर. त्या गॅरेजमध्येच, मध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवल्या. मी उतावीळ होतो. जुलैत मीटर १९ दाखवत असताना मी नमुना म्हणून एक सांधा करून पाहिला. इतका घट्ट बसला की हातोडीने ठोकावा लागला. डिसेंबर लागता लागता त्याच सांध्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती. हिशोब सरळ आहे. अ‍ॅशची १०० मिलिमीटर रुंद पट्टी १९ टक्क्यांवरून १२ वर आली की जवळजवळ २ मिलिमीटर आकसते. पुस्तकात वाचलेलं असतं, पण ती फट नखाने चाचपून पाहिल्यावर जे कळलं ते वेगळं. काकांना तो तुकडा दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, की होडीची फळी आम्ही आषाढात ठोकत नाही.

म्हणून खरं काम डिसेंबर २०२२ ते मार्च २०२३. आधी पॉलियुरेथेन उतरवलं, काचपेपरने नाही, पात्याने खरवडून, कारण महोगनीचा पातळ पापुद्रा काचपेपर एका हातात खाऊन टाकतो. इथे एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. दाराच्या तक्त्याचा एक कोपरा सुटला होता, तो उचलला तर खाली पत्र्यावर जुन्या छापील थराचे अवशेष. १९४७ च्या दरम्यान कंपनीने खऱ्या महोगनीचा पापुद्रा बंद करून त्याजागी डाय-नॉक नावाचा, महोगनीसारखा दिसणारा छापील थर लावायला सुरुवात केली होती. म्हणजे ज्या तक्त्यांकडे बोट दाखवून मालक पाहुण्यांना "अस्सल महोगनी" म्हणत, ती महोगनी मागच्या रिस्टोरेशनवाल्यांची, आणि कारखान्यातून गाडी बाहेर पडली होती ती महोगनीचं चित्र लावून. मालक खट्टू झाले. मूळ रूपाचा हट्ट धरणाऱ्या मला आता काय म्हणायचं, असा त्यांचा रास्त सवाल होता. माझं मत असं पडलं की चांगल्या स्थितीतला पापुद्रा उपटून त्याजागी नवा छापील कागद लावणं म्हणजे एक खरी गोष्ट मारून दुसरी खोटी बसवणं. तो तसाच ठेवला, खालच्या थराचे फोटो काढले, आणि माहितीफलकावर दोन्ही गोष्टी लिहिल्या. याबाबत दुसरं मत असू शकतं हे मान्य आहे.

खालची आडवी पट्टी पूर्ण नवी केली. मागच्या खांबाचा फक्त खालचा तिसरा हिस्सा कापला आणि नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, जाडीच्या आठपट लांब उतार देऊन, होडीची फळी लांबवतात त्याच मापाने. हा सांधा काकांनी केला. त्यांचा रंधा चालताना लाकडाची साल सलग, न तुटता, कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघत होती आणि वाऱ्याने गॅरेजभर पसरत होती. शेवटी त्यांनी रंधा बाजूला ठेवला, दोन्ही तिरकी तोंडं एकमेकांवर टेकवली, फटीमागे विजेरी धरायला मला सांगितलं. उजेड कुठून आला नाही. इथे एपॉक्सी हा गोंद वापरला. तो पुढे सुटणार नाही आणि नंतरच्या माणसाला तिथून कापावंच लागेल हे मला खटकतं, पण दाराचा भार तिथूनच उतरतो, म्हणून दुसरा उपाय दिसला नाही. बोटांचे सांधे मात्र तसे चिकटवले नाहीत.

उघड्या लाकडाला, थर द्यायच्या आधी, बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी दोनदा पाजलं, किडीसाठी आणि बुरशीसाठी. ते पावसाने धुऊन जातं, त्यामुळे वरचा थर नीट हवाच. काकांनी काजूच्या टरफलाच्या तेलाचं सुचवलं होतं. होडीला ते उत्तम, पण इथे अ‍ॅश काळं पडलं असतं आणि दार उघडणाऱ्याच्या हाताला लागलं असतं. पोलादी स्क्रू सगळे गेले, त्याजागी ३१६ प्रतीचे स्टेनलेस. तळाची भोकं मोकळी केली आणि काचेच्या फटीतलं नमदं नवं घातलं. वर होड्यांचं तेलाचं वार्निश, उन्हाला तोंड देणारं. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे तो आत मुरतो, मग एकावर एक सात. पट्ट्यांची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात, त्यांना आणखी दोन. हे वार्निश काचेसारखं दिसत नाही. मालकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, अजून एक हात द्यायचा राहिलाय का? पण ते लाकडाबरोबर हलतं, आणि दरवर्षी वरून हलका हात दिला की पुरतं, सगळं खरवडावं लागत नाही.

दार बसवताना भोवती किती फट ठेवायची हा शेवटचा प्रश्न. काकांनी खिशातून रुपयाची दोन नाणी काढली, एकावर एक ठेवून सगळ्या कडेने फिरवली. मार्चमध्ये एवढी फट बघायला बरी वाटत नाही. आषाढात ती एका नाण्याची होते.

गाडीच्या राहण्यातही बदल झाले. ताडपत्री गेली, सुती कापडाचं सैल आच्छादन आलं. पत्र्यांच्या खाली दोन्ही बाजूंना झडपा केल्या. ओलावा खेचणारं यंत्र आता जनरेटरवर आहे आणि ६० टक्क्यांवर लावलेलं असतं. मालकांच्या मुलाने वातानुकूलन सुचवलं होतं, ते मी थांबवलं, कारण हवा ४० टक्क्यांपर्यंत सुकली तर हेच सांधे उलट्या बाजूने फाटतील. उघडीप मिळेल त्या दिवशी राखणदार दारं आणि डिकी तासभर उघडी ठेवतो. कापडी टप ओलं असताना दुमडायचं नाही, हे त्याने स्वतःच भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे.

२०२३ आणि २०२४ असे दोन पावसाळे झाले. खालच्या पट्टीचं मीटर दोन्ही वर्षी ऑगस्टात १६ च्या पुढे गेलं नाही. दार एका हाताने, नुसत्या तळव्याच्या दाबाने बसतं. नवा तुकडा जुन्यापेक्षा अजून फिकट दिसतो. रंग लावून तो मिसळून टाका असं दोघातिघांनी सुचवलं, पण तो वर्षांनी आपला आपण पिकेल, आणि तोवर सांधा कुठे आहे हे बघणाऱ्याला कळलेलं मला आवडतं. भुसा पुन्हा पडला नाही.

डिकीच्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात मात्र मागच्या गणपतीत मीटर २१ वर गेलं. टोच्या आत जात नाही, काळपटपणाही नाही, पण तिथली चीर मी पाहिली आहे. बिजागरीखालचं पाणी तिकडे वळतं. ते झाकण पुढच्या मार्गशीर्षात उतरवायचं ठरलं आहे. तीनपैकी एक फळी अजून गॅरेजमध्ये पट्ट्यांवर पडून आहे, तिच्या टोकावर काकांनी खडूने तारीख घातली आहे.